काळ्या मातीची पडदी

विहिरीत लाल औषध टाकलं की पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी राहतं, हे आमच्या वाडीत लहान मुलांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आरोग्य केंद्राचा माणूस सायकलवर यायचा, पुडीतले जांभळे खडे बादलीत विरघळवायचा, ती बादली विहिरीत ओतायचा आणि आज कुणी पिऊ नका एवढं बजावून पुढच्या वस्तीला निघायचा. त्या दिवशी शेजारणी रिकाम्या घागरी घेऊन माघारी जायच्या. लंकाबाईच्या विहिरीनं आज लुगडं बदललंय, असं जाता जाता म्हणायच्या.

लंकाबाई म्हणजे माझी आई.

१९७४ च्या एप्रिलमध्ये मी परीक्षा देऊन घरी आले होते. भिंगारला मावशीकडे राहून मी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते, विषय रसायनशास्त्र. मी आले त्याच आठवड्यात औषधवाला येऊन गेला. मी आणि आई काठावर उभ्या होतो. गुलाबी रंग धुरासारखा खाली उतरत गेला, पसरला, आणि आमच्या डोळ्यांदेखत विटला. आधी विटकरी झाला, मग मातकट, मग नुसतं पाणी उरलं. विहिरीच्या तळाशी एरवी दिसणारी चुन्याची ढेकळंही पुन्हा दिसू लागली.

"औषध जुनं असंल," आई म्हणाली.

औषध जुनं नव्हतं. पाण्यात सडणारं, कुजणारं काही विरघळलेलं असलं की ते औषध त्याच्यावर खर्ची पडतं आणि त्याचा रंग जातो. कॉलेजात ही परीक्षा आम्ही काचेच्या नळीत करत होतो. इथे ती आपोआपच एका अख्ख्या विहिरीत झाली होती. मी वर, चढाच्या दिशेनं पाहिलं. तिथे पाझर तलावाचा बांध होता, आणि बांधाच्या मागे साखर कारखान्याच्या मळीचं पाणी.

आमच्याकडे लिंबाची बाग होती. बाग म्हणायला तशी लहानच, विहिरीच्या अंगाला तीन ओळी. वडील गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्यानंतर आईनं ज्वारीचा एक तुकडा मोडून तिथे कागदी लिंबं लावली. भाऊबंद हसले. बाईनं बाग लावायची म्हणजे कोंबड्यानं अंडं घालायचं, असं कुणीसं म्हणालं होतं. पण लिंबं धरली. नगरच्या बाजारात आमची पोती ओळखू यायची, कारण आई देठ ठेवून लिंबू काढायची. देठाचं लिंबू लवकर सुकत नाही. माझी फी, गोरखचं लग्न, घरावरचे पत्रे, सगळं त्या तीन ओळींतून आलं. गोरक्षनाथ हा माझा थोरला भाऊ, घरात गोरख.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला. तेव्हा आईनं प्रत्येक झाडाच्या बुडाशी एकेक मडकं पुरलं. मडक्याच्या बुडाला भोक, त्यात जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात. अंघोळीचं, भांड्यांचं, जे काही पाणी उरेल ते त्या मडक्यांत जायचं आणि वातीवाटे मुळांपाशी झिरपायचं. आम्ही अंघोळ परातीत बसून करायचो. काही झाडं वाळली. बरीच वाचली. माणसांच्या तोंडाला रेशनच्या मिलोची लाल भाकरी आणि सुकडी लागली असताना झाडांच्या तोंडाला पाणी लागत होतं, यावरूनही लोक बोलले.

त्याच वर्षी दुष्काळी काम म्हणून वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव निघाला. पुरुष दगड फोडायचे, माती उकरायचे. आईकडे बायकांची टोळी होती आणि टोळीकडे पडदीचं काम. पडदी म्हणजे बांधाच्या पोटातली भिंत. बांध दिसतो मुरमाचा, दगडाचा. पण पाणी अडवते ती त्याच्या आत उभी असलेली काळ्या मातीची पडदी. खाली पक्क्या खडकापर्यंत चर खणायचा, त्यात गावकुसाची काळी माती वीतभर पसरायची, टँकरचं पाणी शिंपायचं, ती पायांनी मळायची, धुम्मस घालून ठोकायची आणि मगच वरचा थर. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून ओळीनं आडव्या सरकत माती तुडवायच्या. टोळीतली आक्काबाई अंगानं दांडगी होती. ती चरात उतरली की बाकीच्या म्हणायच्या, आता धुम्मस बाजूला ठेवा, आक्काबाईला नुसती नाचू द्या.

मिस्त्री कधी कधी थर कच्चा असला तरी पुढे चला म्हणायचा. आई चालायची नाही. टाच रोवून बघायची. टाच रुतली तर तो थर पुन्हा मळायचा. सुट्टीत मी त्या चरात माती वाहिली आहे, म्हणून हे सांगू शकते.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. तलाव भरला. दसऱ्यापर्यंत खालच्या सगळ्या विहिरींना पाणी आलं, आमच्या विहिरीला तर कधी नव्हे ते वरच्या पायरीपर्यंत. आणि संक्रांतीच्या सुमाराला तलाव कोरडा पडला. पाझर तलाव असाच असतो. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे, खडकाच्या फटींतून खाली सोडणं हे त्याचं काम. पण लोकांना तळं हवं होतं, पाणी दिसायला हवं होतं. एवढ्या हालात बांधलेल्या तलावाच्या तळाशी शेरडं चरताना बघून त्यांना फसल्यासारखं वाटलं. त्याला फुटकं तळं म्हणू लागले. मग फुटकं कुठं, याचा शोध सुरू झाला, आणि तो बायकांच्या पडदीपाशी येऊन थांबला. बाजारात सूर्यभान नावाचे म्हातारे आईला म्हणाले की पडदी मळताना तुम्ही गप्पा मळल्या. आई घरी येऊन जेवली नाही.

त्याच हंगामात कारखान्याच्या शेजारी डिस्टिलरी सुरू झाली. साखर काढून उरणारी मळी आधी कवडीमोलानं जायची किंवा टाकीबाहेर सांडून सडायची. आता तिच्यापासून अल्कोहोल होणार होतं. उसाला चढा भाव मिळणार होता, हायस्कूलला इमारत होणार होती, गावच्या पोरांना नोकऱ्या लागणार होत्या. आणि यातलं काहीच खोटं नव्हतं. उसाला भाव मिळाला, इमारतीचा पाया खणला गेला, गोरखला नोकरी लागली. तो पहिल्यांदा खाकी कपडे घालून घरी आला तेव्हा आईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

अल्कोहोल काढल्यावर खाली राहतं ते पाणी काळपट तपकिरी, भट्टीतून निघतं तेव्हा कढत, आणि त्याला जळलेल्या गुळाचा वास. ते पहिल्यांदा ओढ्यात सोडलं. मासे वर आले. गुरं ओढ्याशी जाऊन नाक वर करून परत फिरली. खालच्या गावचे लोक बैलगाड्या भरून कारखान्यावर आले. तेव्हा चेअरमन आबासाहेबांनी ठरवलं की पक्का खड्डा खणून होईपर्यंत हे पाणी चारी काढून आपल्या रिकाम्या तलावात साठवावं.

आबासाहेब आमच्याच भावकीतले. दुष्काळात हा तलाव मंजूर करून घ्यायला नगरला हेलपाटे घातले ते त्यांनीच. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नाही.

त्यांनी मारुतीच्या ओट्यावर गाव बोलावलं. मी तेव्हा भिंगारला होते. काय झालं ते मला आक्काबाईनं सांगितलं, मग गोरखनं, आणि शेवटी आईनं. तिघांच्या सांगण्यात फरक नव्हता. सूर्यभान म्हणाले की तळं मुरतं. त्यावर आबासाहेब म्हणाले की तळाला आता गाळ बसलाय, आणि मुरलं तरी जमीन सगळं गाळून घेते. पावसाचं गढूळ पाणी विहिरीत नितळ होऊन येतं ते कसं? लोकांनी माना डोलावल्या. तसं पाहिलं तर ते खरंच आहे. जमीन गाळ अडवते. विरघळलेलं अडवत नाही. मीठ घातलेलं पाणी फडक्यातून गाळलं तर गोड होत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, पण जमीन म्हणजे फडकं नव्हे असं सगळ्यांना वाटलं.

आबासाहेबांची खरी काळजी वेगळी होती. बांध गळका असला तर मळी पुन्हा ओढ्यात जाणार आणि खालची गावं पुन्हा गाड्या जुंपणार. म्हणून सगळ्यांसमोर त्यांनी आईकडे पाहिलं आणि विचारलं,

"वैनी, पडदी तुमची हाय. बांध धरील का?"

आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती उठून उभी राहिली.

"धरील," ती म्हणाली. "थेंब भाईर आला तर माझ्या दारात आना."

आक्काबाई मला म्हणाली, तुझी आई एवढी उंच हाय हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळ्यांनी हात वर केले. सूर्यभानांनीही.

मे महिन्यात विहिरीच्या पाण्याला रंग चढला. आधी तो पितळी तांब्यात दिसायचा नाही, फक्त स्टीलच्या पेल्यात दिसायचा, पातळ चहासारखा. मग घागरीत दिसू लागला. वास यायला लागला. डाळ शिजेना. लिंबांचा बहार गळाला. झाडाखाली पांढरी फुलं पसरलेली असायची आणि ती पहिल्या नजरेला सुंदर दिसायची. मग पानांची टोकं करपली, कडा वळल्या, शेंड्याकडून फांद्या वाळायला लागल्या. खोडातून डिंक आला. ही झाडं दुष्काळात जेमतेम पाण्यावर जगली होती; पाणी मिळत असताना ती मरतायत हे आईला समजत नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. ती जुनी मडकी पुन्हा पुरायला निघाली. मी म्हटलं, मडक्यात घालायचं पाणी कुठून आणायचं? ती थांबली.

त्या दिवसांत ती रोज सकाळी काठी घेऊन बांधाकडे जायची. परत यायची ती काहीशी हलकी होऊन. एक दिवस मी तिच्याबरोबर गेले.

ती बांधाच्या खालच्या अंगानं, पायथ्याला धरून चालत होती. दर दोन पावलांवर काठीनं माती उकरायची, वाकून चिमूट उचलायची, बोटांत चोळायची आणि फुंकायची. धूळ उडायची. पडदी आहे तिथवरचा सगळा पायथा तिनं असा तपासला.

"कोरडा ठाक," ती म्हणाली. "बघ. सूर्यभानाला आनून दाखवीन एक दिस."

आम्ही बांधावर चढलो. वरच्या अंगाला काळं पाणी होतं, कडेला पिवळट फेस, वर एकही पाखरू नाही. खालच्या अंगाला धूळ. मधे आम्ही दोघी. बांध खरोखरच धरत होता. थेंबही बाहेर येत नव्हता. मी मळीच्या काठाकडे पाहिलं. दगडांवर पाणी उतरल्याच्या तपकिरी रेघा होत्या, एकीखाली एक. उन्हानं जितकं उडेल त्याहून कितीतरी जास्त पाणी कमी झालेलं होतं.

मला ते बोलावंसं वाटत नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहणंही बरोबर नव्हतं. मी म्हटलं, "आई, बांधातून नाही जात. तळातून जातं."

तिनं काठीच्या टोकानं त्या रेघा एकेक करून मोजल्या.

"ते काय मला म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. "त्यासाठीच बांधला की त्यो."

मग काठी बांधावर टेकवून खाली बसली. "मला बांधाचं इचारलं, छबू. मी बांधाचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती आबासाहेबांकडे गेली. मला बरोबर घेतलं. आबासाहेबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा मागवला. आईनं पदराखालून लिंबाची एक फांदी काढून त्यांच्यासमोर ठेवली, करपलेली. सोबत पाण्याची बाटली आणली होती, ती मात्र काढली नाही. त्याची गरज नव्हती. ओसरीवर कारखान्याच्या नळाच्या पाण्याचे डबे भरून ठेवलेले होते, चहाही त्याच पाण्याचा होता, म्हणजे त्यांच्याही विहिरीचं तेच झालं असणार.

ते समजावत राहिले. पक्का खड्डा पुढच्या वर्षी होईल, सिमेंट मिळत नाही, परवाना लागतो. डिस्टिलरी बंद ठेवली तर मळी ठेवायची कुठे, आणि उसाला कबूल केलेला भाव द्यायचा कुठून? हायस्कूलच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आहेत. तुमचा गोरख तिथेच आहे. हे शेवटचं त्यांनी धमकीसारखं म्हटलं नाही. त्यांना खरंच त्याची आठवण झाली होती.

मी म्हटलं की निदान तळाला काळ्या मातीचा थर ठोकून घेतला असता तर. ते माझ्याकडे आदरानं बघून म्हणाले की पोरी, तू तेव्हा इथं पाहिजे होतीस. मग आईकडे वळले.

"वैनी, दुष्काळात काय खाल्लं आठवतंय का? मला ते दिस परत नकोत. म्हनून चाललंय हे सगळं."

"त्या दिसांत पानी नव्हतं, आबासाहेब," आई म्हणाली. "आता हाय, अन् पिता येत न्हाई."

आबासाहेबांनी फांदी उचलली, तिची पानं उलटून पाहिली आणि परत ठेवली. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की पाऊस लागून ओढा जोरात वाहू लागला की बांध फोडू, साठलेलं पाणी पुरात वाहून जाऊ देऊ. पुढच्या हंगामाचं पुढे पाहू. ओढ्याला पाणी नसताना फोडायचं नाही, ही अट आईनं घातली. खालच्या गावांत लेकी दिल्यात आपन, ती म्हणाली.

घरी आल्यावर गोरखनं विचारलं की मी नोकरी सोडू का. तो कामाचे कपडे अंगणातच काढून ठेवायचा, त्यांना मळीचा वास असायचा. आई चुलीपुढे होती. तू सोडल्यानं मळी थांबनार हाय का, असं तिनं विचारलं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. "मग जा कामावर," ती म्हणाली. "अन् येताना पानी आन." तेव्हापासून तो सायकलला दोन डबे बांधून कारखान्याच्या नळाचं पाणी आणू लागला. ज्या कारखान्यानं आमचं पाणी नेलं त्याचंच पाणी आम्ही पीत होतो.

जुलैत ओढा भरून वाहू लागला. ट्रॅक्टर ओल्या बांधावर चढेना, म्हणून माणसं लावायची ठरली, आणि पडदी फोडायला ज्यांनी ती घातली त्याच बायकांना बोलावणं आलं. आईला कुणी बोलावलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून मुकादमानं तिचं नाव गाळलं होतं. ती कुदळ घेऊन गेलीच. पडदी कुठून कुठवर हाय ते माझ्याशिवाय कुनाला ठाव हाय, असं म्हणाली.

वरचा मुरूम तासाभरात निघाला. पडदीपाशी कुदळी अडल्या. पुरुषांनीही हात लावून पाहिला. कुदळ मातीत शिरायची नाही, उसळून यायची. वरून पाऊस, खाली चिखल, आणि मधे ती काळी भिंत, आतून हाताला कोरडी लागणारी. सूर्यभान छत्री धरून बांधावर आले होते. त्यांनी वाकून पडदीवर नख मारून पाहिलं. मग आईला म्हणाले, "लंकाबाई, मी बोललो ते माघारी घेतो."

"आता माघारी घेऊन काय उपेग, दाजी?" आई म्हणाली.

पहारीनं थर सुटायला लागले. ते एकमेकांपासून पोळीच्या पदरांसारखे वेगळे होत होते. एका थराच्या अंगावर धुम्मसाखालीही न पुसलेली पावलं उमटलेली निघाली, आडव्या ओळीत, एकीच्या बाजूला एक, बोटं पसरलेली. बायका थांबल्या. वाकून बघू लागल्या.

"ही माझी," आक्काबाई म्हणाली. "ही भेग बघा टाचेची."

"तुझी कशी? तुझी असती तर आरपार गेली असती," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. आईही हसली. मग आक्काबाई मटकन चिखलात बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला कुणालाच सुचेना. आईनं पहार उचलली आणि त्या पावलांच्या मधोमध घातली.

थोड्या वेळानं पाऊस उघडला तेव्हा मी तिच्याजवळ उभी होते. तिच्या हातात पडदीचं एक ढेकूळ होतं. ती ते उलटसुलट करून बघत होती.

"तू आबासाहेबाला म्हनालीस ते. हीच माती खाली तळाला ठोकली असती तर धरलं असतं?"

"धरलं असतं," मी म्हटलं.

"मग पावसाचं पानी बी मुरलं नसतं."

"नाही."

"मग आपल्या हिरी भरल्या नसत्या. त्या साली बी न्हाई."

"नाही."

तिनं मान हलवली, माझा हिशोब बरोबर आला आहे असं सांगितल्यासारखी, आणि ढेकूळ खाली टाकलं. कारखान्याला दुसरा खड्डा हवा होता आणि गावाला हा तलाव हवा होता, दोन्ही पाहिजे होते, दोन्ही झाले असते. पण त्या वर्षी सगळ्यांना घाई होती आणि एक तयार खड्डा समोर होता.

संध्याकाळच्या आत खिंड पडली. काळं पाणी आधी बोटाएवढं आलं, मग लोंढ्यानं. ओढ्याच्या गढूळ पुरात ते मिसळलं आणि बरंच अंतर ओढा दोन रंगांत वाहिला. आई ते रंग मिसळेपर्यंत काठाकाठानं चालत गेली.

विहीर सुधारली नाही. लोकांना वाटलं होतं की एक पावसाळा गेला की धुऊन निघेल. पण खडकाच्या फटींनी जे पिऊन घेतलं होतं ते त्या हळूहळूच सोडत होत्या, जसं पूर्वी त्यांनी गोडं पाणी हळूहळू सोडलं होतं. तोच त्यांचा गुण होता. आणि आता बांधाला खिंड असल्यामुळे नवं पावसाचं पाणी वर थांबत नव्हतं, त्यामुळे आत जाऊन जुनं ढकलायलाही काही नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी परमँगनेटची, म्हणजे त्या लाल औषधाची, पुडी आणली आणि एका बादलीत टाकून पाहिलं. रंग गेला. थोडा सावकाश गेला, एवढंच.

झाडं दिवाळीनंतर काढली. आईनं मजूर लावले नाहीत. गोरख आणि ती, दोघांनी. लिंबाचं लाकूड घट्ट असतं, त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्यांना गिऱ्हाईक मिळालं. मुळांबरोबर काही मडकी वर आली, आतली वात कुजून गेलेली. एक मडकं अखंड होतं, ते आईनं धुऊन घरात आणलं आणि त्यात मीठ ठेवलं.

रिकाम्या जागी ऊस लावला. उसाला ते पाणी चाललं. ऊस काळाभोर आला, आणि वजनात भरला. आई कारखान्याची सभासद झाली. वार्षिक सभेचं बोलावणं आलं की ती जायची, मागच्या रांगेत बसायची आणि हात वर करायची वेळ आली की हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायची. ठरावाच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. आबासाहेबांना ते दिसायचं. पक्का खड्डा त्यांनी पुढे केला, वरच्या माळावर, सिमेंटचा. त्याच्या कामावर एकदा ते स्वतः आईला घेऊन गेले आणि तळ कसा ठोकलाय ते दाखवलं. तिनं टाच रोवून पाहिली. रुतली नाही. चांगलं हाय, असं ती म्हणाली.

शेवटच्या बहाराच्या लिंबांचं लोणचं एका बरणीत होतं. ते आम्ही फार जपून वापरलं. वहिनीला दिवस गेले तेव्हा आई तिला त्यातली एकेक फोड द्यायची. फोडी काळ्या पडल्या होत्या आणि तोंडात टाकताच विरघळायच्या.

बांध अजून आहे. मधे खिंड, दोन्ही अंगांना दोन तुकडे. मी गेले की आई मला त्या वाटेनं नेते. दुसरी, जवळची वाट आहे, तरी ती हीच घेते. खिंडीपाशी आल्यावर ती थांबते. कापल्या जागी मुरूम दोन्ही बाजूंनी ढासळून गेला आहे आणि मधे पडदीच्या दोन काळ्या कडा तशाच उभ्या आहेत, भिंतीच्या तुटक्या टोकांसारख्या. पावसाच्या पाण्यानं त्यांच्यावर साधी रेघही पाडलेली नाही.

आई काठीच्या टोकानं कडेवर ठोकते. ठोकल्याचा आवाज ऐकते. मग खिंडीतून खाली उतरायला लागते, आणि मी तिच्या मागे.